जुन्या फाईल सर्व्हरवर क्लॅमएव्ही बसवताना : जुलै ते नोव्हेंबर २०२४ च्या नोंदी

क्लॅमएव्ही म्हणजे लिनक्सवर चालणारा फुकट अँटिव्हायरस. यंत्र एक जुना डेस्कटॉप, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), रॅम २ जीबी. लॉग आणि प्रोग्रॅमांचा बदलता साठा राहतो त्या 'व्हार' फोल्डरसाठी वेगळं, चिमुकलं पार्टिशन. (ते कधीकाळी मीच केलं होतं, का केलं ते आता आठवत नाही.) सांबावरून (विंडोजच्या यंत्रांना लिनक्सवरचे फोल्डर नेटवर्कवर दाखवणारा प्रोग्रॅम) सात-आठ जण यात फाईली टाकतात आणि काढतात. त्यांची यंत्रं बहुतेक विंडोजची. सर्व्हरला स्वतःला काही होईल अशी मला फारशी भीती नाही. एकाने आणून टाकलेली किडकी फाईल दुसऱ्याच्या ताटात आपणच वाढायची, हे मात्र नको होतं. म्हणून हा उद्योग.

कमांड, सेटिंग आणि फोल्डरांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाईप करताना ती रोमनमध्येच करायची. माझा सुरुवातीचा अंदाज एका शनिवारचा होता.

६ जुलै, शनिवार

'क्लॅमएव्ही' आणि 'क्लॅमएव्ही-डेमन' ही दोन पॅकेजेस ॲप्टने (डेबियनचा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम) घेतली. अपडेट आणणारं 'फ्रेशक्लॅम' त्यांच्यासोबत आपोआप येतं. इन्स्टॉल पाच मिनिटांत झालं, पण डेमन (पाठीमागे सतत चालू राहणारा प्रोग्रॅम) सुरू होईना. स्टेटस बघितलं तर लाल एरर नाही, नुसतं 'अट पूर्ण झाली नाही' अशा अर्थाची ओळ.

मला वाटलं सिग्नेचर (व्हायरस ओळखण्याच्या खुणा) आलेल्या नाहीत, म्हणून हाताने फ्रेशक्लॅम चालवलं. उत्तर आलं की लॉग फाईल दुसऱ्या प्रोसेसने लॉक केली आहे. इथून पुढे मी जे केलं ते कुणी करू नये. आधी लॉग फाईल उडवली. मग फोल्डरला सगळ्यांसाठी सगळ्या परवानग्या दिल्या. मग यंत्र रीस्टार्ट केलं. मग पॅकेज काढून पुन्हा बसवलं. शेवटी 'एलएसओएफ'ने लॉग कुणी धरून ठेवलाय ते बघितलं, तर तो फ्रेशक्लॅमनेच धरला होता. पॅकेज बसताक्षणी त्याची सर्व्हिस सुरू होते आणि ती गुपचूप सिग्नेचर उतरवत असते. मी तिच्या कामात चार वेळा पाय घालून ते पहिल्यापासून सुरू करायला लावलं. वाया गेलेला वेळ : एक तास चाळीस मिनिटं.

डेमनचं कोडंही त्यातच सुटलं. डेबियनने त्याच्या सर्व्हिस फाईलमध्ये अट घातली आहे की 'मेन' आणि 'डेली' या दोन्ही सिग्नेचर फाईली जागेवर असतील तरच सुरू व्हायचं. पण त्या आल्यानंतर तो आपला आपण उठत नाही. डाऊनलोड संपल्यावर एकदा हाताने स्टार्ट करावा लागला.

आलेल्या फाईली तीन : मेन, डेली आणि बाईटकोड. मेन आवृत्ती ६२, तिच्यात ६६ लाखांवर सिग्नेचर. ही क्वचितच बदलते. रोजची भर डेलीत पडते.

रात्री आयकारची चाचणी घेतली. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ आहे, जी सगळे अँटिव्हायरस ठरवून 'सापडली' म्हणतात. मी शहाणपणाने एका टेक्स्ट फाईलमध्ये वर 'ही चाचणीची फाईल आहे, घाबरू नये' असं लिहून खाली ती ओळ चिकटवली. क्लॅमस्कॅन (फाईली तपासणारी कमांड) म्हणालं, ओके. वीस मिनिटं सेटिंग तपासल्यावर कळलं की ती ओळ फाईलच्या अगदी सुरुवातीला असावी लागते. वरची सूचना काढल्यावर लगेच सापडली.

७ जुलै

'क्लॅमस्कॅन' थेट मुळापासून, म्हणजे रूट डिरेक्टरीपासून सोडलं आणि बाहेर गेले. तीन तासांनी आले तर ते 'सिस' फोल्डरमधल्या, खरं तर फाईलच नसलेल्या फाईली चघळत बसलं होतं. बंद केलं. 'प्रोक' आणि 'सिस' वगळायला हवेतच, पण मुळात मला सांबाचा एकच फोल्डर तपासायचा आहे. तेवढाच दिला.

दुसरी गोष्ट. क्लॅमस्कॅन दर वेळी सगळ्या सिग्नेचर नव्याने मेमरीत भरतं. एक फाईल तपासायची असली तरी या यंत्रावर जवळपास पाऊण मिनिट नुसतं भरण्यात जातं. डेमनला म्हणजे 'क्लॅमडी'ला काम सांगणारं 'क्लॅमडीस्कॅन' वापरलं तर हा खर्च एकदाच होतो. पण ते वापरलं आणि प्रत्येक फाईलपुढे 'परमिशन डिनाईड'. क्लॅमडी 'क्लॅमएव्ही' नावाच्या वेगळ्या युजरखाली चालतो, त्याला लोकांचे फोल्डर दिसत नाहीत. त्याला ग्रुपमध्ये घालून बघितलं, अर्धे फोल्डर उघडले, अर्धे नाहीत. खरा उपाय 'एफडीपास' हा पर्याय. यात फाईल मी उघडते (कमांड रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरखाली चालते) आणि उघडलेली फाईल क्लॅमडीच्या हातात देते. सोबत 'मल्टिस्कॅन' दिला की दोन्ही कोअर कामाला लागतात.

१३ जुलै

आठवडाभर वाटत होतं की अपडेट होतायत. आज लॉग उघडला तर शेवटची ओळ ९ तारखेची. त्या दिवशी मी 'कशाला विषाची परीक्षा' म्हणून रूटच्या क्रॉनमध्येही (ठरल्या वेळी कामं चालवणारी यादी) फ्रेशक्लॅम टाकलं होतं आणि त्याच दुपारी जुने लॉग झाडून काढले होते. रात्री क्रॉनने नवी लॉग फाईल तयार केली, ती झाली रूटच्या मालकीची. सर्व्हिसला तिच्यात लिहिता येईना : 'लॉग फाईल अपेंड मोडमध्ये उघडता येत नाही, परवानग्या तपासा'. लॉग लिहिता येत नाही म्हटल्यावर फ्रेशक्लॅम अपडेटही करत नाही, थेट बंद पडतं. क्रॉनची ओळ काढली, मालकी परत क्लॅमएव्हीकडे दिली. अपडेटची जबाबदारी एकाकडेच असावी, आणि डेबियनवर ती सर्व्हिसकडे आहे.

अपडेट सुरू झालं आणि 'व्हार' भरलं. डेली पहिल्यांदा येते तेव्हा दाबलेली सीव्हीडी फाईल असते. पुढच्या दिवसांत नुसता फरक उतरवला जातो आणि तो मिसळून सीएलडी फाईल बनते. ही सीएलडी मुळात दाबलेली नसते, त्यामुळे मूळ डाऊनलोडपेक्षा कितीतरी मोठी होते. शिवाय मिसळताना जुनी आणि नवी दोन्ही काही काळ डिस्कवर असतात.

सिग्नेचरचा फोल्डर मोठ्या डिस्कवर हलवला, दोन्ही कॉन्फिग फाईलींत 'डेटाबेस-डिरेक्टरी' बदलली. परवानग्या, मालकी सगळं बरोबर. तरी फ्रेशक्लॅमला लिहिता येईना. दीड तास परवानग्यांशी झटापट केल्यावर कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग बघितला. तिथे ॲपआर्मरचा नकार ओळीने मांडून ठेवला होता. फ्रेशक्लॅमने कुठे लिहायचं हे ॲपआर्मरच्या प्रोफाईलमध्ये ठरलेलं आहे, मालकी कुणाचीही असो. आधी रागाने ॲपआर्मरच बंद करायला निघाले होते. मग प्रोफाईलच्या 'लोकल' फोल्डरमधल्या फाईलीत नव्या वाटेच्या दोन ओळी टाकल्या. फ्रेशक्लॅम चाललं, क्लॅमडी अडला. त्याचं प्रोफाईल वेगळं, तिथेही त्याच ओळी.

हात लागलाच आहे तर लॉग फाईलींनाही मोठ्या डिस्कवर नेलं आणि जुन्या जागी सिमलिंक (नव्या जागेकडे नुसतं बोट दाखवणारी खूण) ठेवली. ॲपआर्मरमध्ये त्याचीही परवानगी. सगळं चाललं.

२० जुलै

रात्री दोन वाजता सिस्टिमडीच्या टायमरने चालणारी स्क्रिप्ट लिहिली. काल बदललेल्या फाईलींची यादी 'फाईंड'ने काढायची आणि ती क्लॅमडीस्कॅनला द्यायची. पहिल्या प्रयत्नात यादी 'एक्सआर्ग्ज'मधून पाठवली, तर नावात जागा सोडलेली प्रत्येक फाईल तुकडे होऊन 'सापडत नाही' म्हणून आली. आमच्याकडे नावात जागा नसलेली फाईल शोधावी लागेल. 'फाईल-लिस्ट' पर्यायाने एका ओळीत एक नाव असं दिलं की अडचण नाही, देवनागरी नावंही नीट जातात.

निकाल १ (म्हणजे काही सापडलं) आला की मला मेल, नाही तर गप्प. काही सापडलं तर 'मूव्ह' पर्यायाने ती फाईल दुसऱ्या डिस्कवरच्या विलगीकरणाच्या फोल्डरमध्ये.

२८ जुलै

आठ दिवस एकही मेल नाही म्हणून खूश होते. सहज स्क्रिप्टचं आउटपुट वाचलं तर आठपैकी पाच रात्री तपासणी अर्ध्यावर तुटलेली.

कर्नलच्या लॉगमध्ये कारण स्वच्छ होतं : मेमरी संपली, क्लॅमडीला मारलं. क्लॅमडी बसल्या जागी या यंत्रावर सव्वा जीबीच्या वर रॅम धरतो. नवी डेली आली की फ्रेशक्लॅम त्याला कळवतं आणि तो नवा संच भरायला घेतो. हे करताना तपासणी थांबू नये म्हणून जुना संच तसाच ठेवतो. म्हणजे काही सेकंद दुप्पट मेमरी. भरीला फ्रेशक्लॅमही आलेला संच धड आहे का ते स्वतः भरून बघतं. २ जीबीत हे बसणार कसं? क्लॅमएव्हीच्या कागदपत्रांत ३ जीबीच्या वर रॅम असावी असं स्पष्ट लिहिलंय. मी ते आज वाचलं.

'कॉन्करंट-डेटाबेस-रीलोड' हे सेटिंग 'नो' केलं. आता नवा संच भरेपर्यंत तपासणी थांबून राहते, पण जुना संच आधी सोडला जातो. फ्रेशक्लॅमची चाचणी बंद करण्याचा मोह झाला, केली नाही. मोडका संच क्लॅमडीला खाऊ घालण्यापेक्षा रॅम वाढवलेली बरी. बंद पडलेल्या लॅपटॉपची पट्टी या यंत्राला बसत नाही हे कळायला अर्धा तास गेला. दुसऱ्या एका डेस्कटॉपमधली ४ जीबीची पट्टी बसली, एकूण ६.

पण मुख्य चूक रॅमची नव्हतीच. क्लॅमस्कॅन आणि क्लॅमडीस्कॅन तीन निकाल देतात : ० म्हणजे काही सापडलं नाही, १ म्हणजे सापडलं, २ म्हणजे तपासणीतच काहीतरी बिनसलं. माझ्या स्क्रिप्टने १ सोडून बाकी सगळ्याला 'ठीक' धरलं होतं. म्हणजे क्लॅमडी मेलेला असताना माझ्या लेखी सगळं निर्धोक. आता ० सोडून काहीही आलं की मेल, आणि मेलमध्ये शेवटच्या चाळीस ओळी.

३ ऑगस्ट

उरलेल्या दोन लिनक्स यंत्रांवर आणि एका व्हर्च्युअल मशीनवर हेच बसवायला घेतलं. व्हर्च्युअल मशीन चारदा पुसून पुन्हा उभं केलं, दर वेळी सगळा संच नव्याने उतरवला. मध्येच घाई म्हणून 'डब्ल्यूगेट'ने थेट मेन फाईल ओढायचा प्रयत्न केला, तिथे ४०३ (मनाई). संध्याकाळपर्यंत फ्रेशक्लॅमकडून ४२९ (फार वेळा मागितलंत) आला, सोबत 'अमुक वेळेपर्यंत थांबा' अशी सूचना. चोवीस तासांची बंदी.

ही वेळ 'फ्रेशक्लॅम डॉट डॅट' या फाईलमध्ये लिहिलेली असते. ती उडवून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा ४२९. नियम त्यांच्या सर्व्हरवर आहे, माझ्या फाईलमध्ये नाही. लाज वाटायला हवी होती, थोडी वाटलीही. फुकट मिळणारी गोष्ट आहे, ती कुणाच्या तरी बँडविड्थवर येते.

दुसऱ्या दिवशी नीट केलं. बाहेरून अपडेट फक्त फाईल सर्व्हर आणतो. त्याचा सिग्नेचरचा फोल्डर एंजिनएक्स या वेब सर्व्हरवरून घरच्या नेटवर्कपुरता उघडा ठेवला. बाकीच्या यंत्रांच्या फ्रेशक्लॅम कॉन्फिगमध्ये 'प्रायव्हेट-मिरर' म्हणून सर्व्हरचा पत्ता. हे सेटिंग दिलं की फ्रेशक्लॅम आधी सीएलडी मागतं, नसेल तर सीव्हीडी, त्यामुळे फोल्डर आहे तसाच चालतो. नवं मशीन उभं करायला आता दोन मिनिटं पुरतात.

दिवसातून किती वेळा तपासावं यावर फार विचार करू नये. फ्रेशक्लॅम आधी डीएनएसमधली एक टीएक्सटी नोंद वाचतं, तिच्यात चालू आवृत्त्या असतात. आपली आवृत्ती तीच असेल तर काही उतरवलंच जात नाही. डेबियनने दिवसाला २४ लावलंय, ते तसंच ठेवलं.

१७ ऑगस्ट

सकाळी सातला दादाचा फोन. "अगं, माझी इनबॉक्स रिकामी आहे. सगळी."

त्याचं थंडरबर्ड प्रोफाईल सर्व्हरवरच्या त्याच्या फोल्डरमध्ये असतं. थंडरबर्ड मुळात एका फोल्डरची सगळी मेल एकाच सलग एमबॉक्स फाईलमध्ये ठेवतं. त्या फाईलीत रोज भर पडते, म्हणून ती रोज माझ्या यादीत येते. रात्री क्लॅमडीला तिच्यात कुठेतरी एक मेल संशयास्पद वाटली, आणि 'मूव्ह'ने आज्ञेबरहुकूम अख्खी फाईल उचलून विलगीकरणात टाकली. अकरा वर्षांची मेल. मला रात्री दोन वाजून चौदा मिनिटांनी त्याची वर्दी देणारी मेल आली होती, मी झोपले होते.

सापडलेलं नाव 'ह्युरिस्टिक्स, फिशिंग, ईमेल, स्पूफ्ड-डोमेन' असं होतं. म्हणजे व्हायरस नव्हताच. दिसणारा दुवा एका पत्त्याचा आणि आतला दुसऱ्याच, एवढ्यावरून काढलेला तर्क. एका नियमित येणाऱ्या पत्रकातले दुवे मोजणी करणाऱ्या तिसऱ्याच साईटवरून जात होते, एवढंच.

परत आणताना आणखी एक फजिती. विलगीकरणाचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर, त्यामुळे फाईल सरकवली गेली नव्हती. तिची प्रत होऊन मूळ पुसली गेली होती आणि प्रतीची मालकी रूटची. मी ती जशीच्या तशी जागेवर ठेवली, थंडरबर्डला ती वाचता येईना, इनबॉक्स रिकामीच. दरम्यान सकाळपासून आलेली मेल त्याने नव्या छोट्या फाईलीत साठवली होती, ती मी वरून ठेवलेल्या फाईलीखाली जवळजवळ चिरडली. नशिबाने आधी तिचं नाव बदललं होतं. मग थंडरबर्ड बंद केलं, मालकी दुरुस्त केली, दोन्ही फाईली जोडल्या, शेजारची 'एमएसएफ' अनुक्रमणिका उडवली की ती नव्याने बनते. दहा वाजता सगळं परत. दादा 'ठीक आहे' म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला तो मला माहीत आहे.

बदल असे. 'मूव्ह' स्क्रिप्टमधून काढून टाकला. 'रिमूव्ह' तर कधी लावलाच नव्हता, लावला असता तर आज ही नोंद वेगळी असती. आता सापडलेल्या फाईलीला कुणी हात लावत नाही, फक्त मेल येते आणि ठरवते मी. मेलच्या फोल्डरांसाठी वेगळी तपासणी आठवड्यातून एकदा. 'फिशिंग-स्कॅन-यूआरएल्स' बंद. सर्व्हरवर ते काम माझं नाही, मेलवाल्यांचं आहे. एखादी विशिष्ट सिग्नेचरच चुकत असेल तर तिचं नाव सिग्नेचरच्या फोल्डरमध्ये 'लोकल डॉट आयजीएन२' या फाईलीत लिहिलं की ती गप्प होते. त्याची गरज आतापर्यंत एकदाच पडली.

१ सप्टेंबर

आजचा दिवस संशयाचा. सगळं 'ओके' येतंय म्हणजे नक्की काय येतंय ते बघायचं ठरवलं.

पहिली चाचणी : आयकार फाईल पेनड्राईव्हवरून विंडोजमधून सांबावर टाकली. रात्री सापडली नाही. कारण माझी यादी एम-टाईमवर, म्हणजे मजकूर कधी बदलला त्यावर. विंडोजमधून कॉपी करताना फाईलीची जुनी तारीख तशीच राहते. तीन वर्षांपूर्वीची फाईल आज आली तरी ती तीन वर्षांपूर्वीचीच. बाहेरून येणारी फाईल पकडण्यासाठी हा सगळा खटाटोप, आणि नेमक्या त्याच गाळल्या जात होत्या. यादी सी-टाईमवर केली. सी-टाईम फाईल या डिस्कवर उतरते तेव्हाचा असतो, कॉपीने तो मागे नेता येत नाही. पण एखाद्या फोल्डरच्या परवानग्या सरसकट बदलल्या की तो सगळा फोल्डर त्या रात्री पुन्हा तपासला जातो. चालेल.

दुसरी : आयकार आणि बरेच फोटो मिळून ४० एमबीची झिप. निकाल, ओके. हा मला सगळ्यात जास्त लागला. डेबियनने तयार केलेल्या क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये 'मॅक्स-फाईलसाईझ' २५ एमबी आहे. त्याहून मोठी फाईल क्लॅमडी पूर्ण तपासत नाही आणि तरीही 'ओके' म्हणतो. 'सोडून दिली' असं म्हणत नाही. मी क्लॅमडीस्कॅनला मर्यादा वाढवून दिली, तर तो पर्याय त्याला चालत नाही म्हणून दुर्लक्ष. मर्यादा क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्येच बदलावी लागते. फाईलसाठी २०० एमबी आणि झिपमधला सगळा पसारा धरून 'मॅक्स-स्कॅनसाईझ' ४०० एमबी केली. रात्रीची तपासणी ११ मिनिटांवरून २६ मिनिटांवर गेली.

सोबत 'अलर्ट-एक्सीड्स-मॅक्स' हे 'येस' केलं. आता मर्यादेबाहेरची फाईल 'सापडली'च्या यादीत येते, नावात 'लिमिट्स एक्सीडेड' असं. पहिल्या रात्री अशा ६४ आल्या, बहुतेक व्हिडिओ. 'मूव्ह' अजून असता तर ६४ व्हिडिओ विलगीकरणात गेले असते आणि सात फोन आले असते.

तिसरी गोष्ट कायमची : आयकारची एक फाईल सांबाबाहेरच्या एका फोल्डरमध्ये मुद्दाम ठेवली. स्क्रिप्ट रोज आधी ती तपासते. ती सापडली नाही तर बोंब मारायची. शिवाय डेलीची फाईल तीन दिवसांहून जुनी असेल तरीही.

१४ सप्टेंबर

तिसऱ्या यंत्रावर डेबियन १० होतं आणि मीच तीन वर्षांपूर्वी सोर्सवरून बांधलेलं क्लॅमएव्ही ०.१०३. या मालिकेचा आधार आज संपला, पुढे तिला सिग्नेचर मिळतील याचा भरवसा नाही. इतके दिवस 'अपडेट' म्हणजे सिग्नेचर एवढंच डोक्यात होतं. इंजिन जुनं झालं तर नव्या सिग्नेचर त्याला कळतही नाहीत, आणि अनोळखी फाईली उघडून बघणं हाच धंदा असलेल्या प्रोग्रॅममध्येच भोक राहतं. याच महिन्याच्या सुरुवातीला १.०.७ आणि १.४.१ मध्ये पीडीएफ वाचण्यातली एक चूक आणि लॉग लिहिण्यातली एक चूक बुजवली आहे.

पुन्हा सोर्सवरूनच बांधू म्हटलं. ०.१०३ ला कॉन्फिगर आणि मेक पुरत होतं. आता सीमेक हे बांधणीचं साधन लागतं आणि रस्ट ही भाषाही. डेबियन १० मधलं रस्ट जुनं. चार तास त्यात घालवून सोडून दिलं आणि यंत्रच ११ वर, मग १२ वर नेलं. पॅकेज बसवलं. क्लॅमस्कॅनला आवृत्ती विचारली, ०.१०३! 'यूएसआर/लोकल'मधली जुनी प्रत वाटेत आधी येत होती, तिचं स्वतःचं कॉन्फिग, स्वतःचा सिग्नेचर फोल्डर. जुनं सगळं शोधून काढलं. अजून एखादं मॅनपेज राहिलं असेल.

२८ सप्टेंबर

फ्रेशक्लॅमच्या लॉगमध्ये मोठ्या अक्षरांत : तुमचं क्लॅमएव्ही कालबाह्य झालंय. त्याखाली : घाबरू नका. तरी घाबरले. डेबियन स्थिर आवृत्तीत १.० चीच मालिका ठेवतं आणि दुरुस्त्या थोड्या उशिराने देतं, तोवर ही ओळ येत राहते. सिग्नेचर मिळत आहेत. बाहेरचं पॅकेज लावलं नाही. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू केलं.

१२-१३ ऑक्टोबर

फाईल उघडतानाच तपासणारं 'क्लॅमोनॅक' लावून बघितलं. ते कर्नलच्या फॅनोटिफायवर (फाईल उघडल्याची वर्दी देणारी सोय) चालतं. पहिल्या पाच मिनिटांत सांबा गोठला. क्लॅमडी तपासायला फाईल उघडतो, त्या उघडण्याचीही तपासणी मागितली जाते, मग पुन्हा तेच. क्लॅमएव्ही युजरला 'ऑनॲक्सेस-एक्सक्लूड-यूनेम'ने वगळल्यावर सुरळीत. पण विंडोजवर फोटोंचा फोल्डर उघडला की लघुचित्रांसाठी शेकडो फाईली एकदम उघडतात आणि या यंत्राचा जीव जातो. काढून टाकलं. दोन दिवस.

१६ नोव्हेंबर

रात्री मेल : आयकार सापडली नाही, निकाल २. पहिल्यांदाच ही घंटा वाजली.

क्लॅमडी बंद, फ्रेशक्लॅमही बंद. दोघांची तक्रार एकच आणि ओळखीची : लॉग अपेंड मोडमध्ये उघडता येत नाही, परवानग्या तपासा. जुलैची आठवण होती म्हणून मालकी बघितली, ठीक. ॲपआर्मर बघितलं, एकही नकार नाही. क्लॅमएव्ही युजर होऊन त्याच फाईलीत हाताने एक ओळ लिहिली, लिहिली गेली. तास गेला.

मग ॲप्टचा इतिहास बघितला. १.०.७ आपोआप बसलं होतं. सप्टेंबरच्या नोंदीत मीच लिहिलेली 'लॉग लिहिण्यातली चूक' ती हीच : क्लॅमडीपर्यंत पोचलेला कुणी लॉगच्या जागी सिमलिंक ठेवून दुसऱ्याच फाईलीचं वाटोळं करू शकत होता. म्हणून नवी आवृत्ती लॉगसाठी सिमलिंकमागे जातच नाही. आणि माझ्या दोन्ही लॉग फाईली १३ जुलैपासून सिमलिंक.

सिमलिंका उडवल्या. क्लॅमडीच्या कॉन्फिगमध्ये 'लॉगफाईल' आणि फ्रेशक्लॅमच्या कॉन्फिगमध्ये 'अपडेट-लॉगफाईल' यांना मोठ्या डिस्कवरचा खरा पत्ता दिला. ॲपआर्मरच्या ओळी आधीच होत्या. दोन्ही उठले, आयकार सापडली, डेली आजची.

लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला काढणारा प्रोग्रॅम) अजून जुन्याच पत्त्यावर लॉग शोधतोय. ते उद्या.